धावपट्टी दिसल्यानंतर

ढगांतून विमान खाली आणण्याच्या विद्येबद्दल लोकांना जेवढं कुतूहल असतं, तेवढं ढगांतून बाहेर पडल्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांबद्दल नसतं. समज असा, की बाहेर काहीच दिसत नसताना यंत्रांवर भरवसा ठेवून उतरत जाणं हे खरं अवघड काम. एकदा धावपट्टी दिसली की पुढचं सगळं नेहमीचं. बहुतेक उड्डाणांच्या बाबतीत हे खरंही आहे. सर्कलिंग अप्रोच मात्र याला मोठा अपवाद आहे. त्याचे नियम, त्याचे नकाशे आणि त्यात झालेल्या अपघातांचे चौकशी अहवाल मी जसजसे वाचत गेलो, तसतसं माझं एक मत पक्कं होत गेलं. सर्कलिंग हे इन्स्ट्रुमेंट अप्रोचचं शेपूट नाही. ते वेगळंच उड्डाण आहे, त्याचं गणित वेगळं आहे, आणि त्यातली सुरक्षितता धावपट्टी दिसण्यापेक्षा वेग आधी ठरवून तो शेवटपर्यंत पाळण्यावर जास्त अवलंबून आहे. हे मत इथे पुराव्यानिशी मांडायचं आहे, कारण वैमानिक होऊ घातलेल्या मुलामुलींना हा विषय अजूनही एका व्याख्येत आणि एका तक्त्यात उरकून शिकवला जातो असं मला दिसतं.

आधी हा प्रकार उद्भवतो कसा ते पाहू. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उतरवतात. एखाद्या विमानतळावर आयएलएस किंवा दुसरी मार्गदर्शक यंत्रणा धावपट्टीच्या एकाच टोकाला असते, कारण दुसऱ्या टोकाला डोंगर आहे, दाट वस्ती आहे, किंवा तेवढा खर्चच झालेला नाही. त्या दिवशी वारा मात्र नेमका उलटा असतो. अशा वेळी वैमानिक यंत्रांच्या आधारे पहिल्या टोकाकडे येतो, ढगांखाली उतरतो, ठरलेल्या किमान उंचीवर थांबतो आणि त्याच उंचीवरून, विमानतळ नजरेआड न होऊ देता, वळसा घालून दुसऱ्या टोकाला किंवा दुसऱ्याच धावपट्टीला जाऊन उतरतो. कधी अडचण वाऱ्याची नसून मार्गाचीच असते. यंत्रांनी आखलेला मार्ग आणि धावपट्टी यांच्यातला कोन ३० अंशांहून जास्त असला, की सरळ उतरण्याची मर्यादा छापतच नाहीत. त्या नकाशावर फक्त सर्कलिंगची मर्यादा असते. ही किमान उंची म्हणजे एमडीए. तिच्याखाली कधी यायचं? नेहमीच्या वळणाने आणि नेहमीच्या उतरणीने धावपट्टीवर पोहोचता येईल अशा जागी आल्यावर, त्याआधी नाही. मधे विमानतळ दिसेनासा झाला, तर लगेच वर जायचं. नियम एवढाच आहे, आणि कागदावर तो सोपा वाटतो.

या नियमामागे नकाशा आखणाऱ्याने एक आश्वासन दिलेलं असतं, आणि माझ्या मते सगळा विषय त्यात आहे. प्रत्येक धावपट्टीच्या टोकाभोवती एक वर्तुळखंड काढतात, ते खंड स्पर्शरेषांनी जोडतात. त्या बंदिस्त क्षेत्रात जो सर्वांत उंच अडथळा असेल, त्याच्यावर ठरावीक अंतर राखून किमान उंची निश्चित होते. वर्तुळाची त्रिज्या विमानाच्या गटानुसार बदलते. गट ठरतो उतरण्याच्या वेगावरून: ९१ नॉटच्या खाली ए, ९१ ते १२० बी, १२१ ते १४० सी, १४१ ते १६५ डी. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या निकषांत सी गटासाठी ही त्रिज्या ४.२ सागरी मैल आहे. पावणेआठ किलोमीटरच्या आसपास. ती काढताना वेग १८० नॉट, वारा २५ नॉट आणि वळणात विमान २० अंश कललेलं, असं गृहीत धरलेलं आहे. अमेरिकेच्या जुन्या निकषांत त्याच सी गटाला फक्त १.७ सागरी मैल मिळत होते. २०१३ च्या सुमारास तिथे निकष बदलले, आणि समुद्रसपाटीजवळच्या विमानतळांवर तो आकडा २.७ झाला. बदललेल्या नकाशांवर त्यासाठी खास चिन्ह छापतात. आपली किती तरी मुलं फ्लोरिडा, टेक्सस, ॲरिझोनात जाऊन परवाना घेतात आणि भारतात परतून आयकाओच्या निकषांवर आखलेल्या नकाशांवर उडतात. विमान तेच, हातही तेच, पण ज्या वर्तुळात राहायचं ते वर्तुळ बदललेलं. घाटात रस्ता संपतो तिथे निदान कठडा असतो. इथे कडा आहे, कठडा नाही. ढगाखालून पाहणाऱ्या डोळ्यांना ती रेषा कुठेही दिसत नाही, आणि तिच्या पलीकडचा डोंगर हिशेबात धरलेलाच नसतो.

ही न दिसणारी रेषा ओलांडली न जाण्याची हमी कशात आहे, याचं उत्तर वळणाच्या भूमितीत सापडतं. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २० अंश कलून १२० नॉटने वळणारं विमान साधारण १.१ किलोमीटर त्रिज्येचं वळण घेतं. १४० नॉटला तीच त्रिज्या जवळजवळ दीड किलोमीटर होते, आणि १८० नॉटला २.४. वेग दीडपट झाला, पण वळण सव्वादोन पट पसरलं. इथे अनुभवी माणसंसुद्धा एक आक्षेप घेतात: जमिनीजवळ असताना वेग थोडा जास्त ठेवलेला बरा, म्हणजे स्टॉलपासून, पंखांची उचलशक्ती कोसळण्यापासून, लांब राहतो. सरळ उडताना हे बरोबर आहे. वळणात मात्र वाढवलेला वेग आधी जागा खातो, मग जागा कमी पडली म्हणून वैमानिक विमान जास्त कलवतो, आणि कलवलं की स्टॉलचा वेगच वर चढतो. ३० अंशांना तो सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो, ४५ अंशांना १९ टक्क्यांनी, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. म्हणजे सुरक्षिततेसाठी घेतलेले वीस नॉट त्याच वळणात परत द्यावे लागतात, आणि ते जमिनीपासून पाच-सहाशे फुटांवर. म्हणूनच नियम सांगतो की आपल्या गटाच्या वरच्या वेगाने फिरणार असाल, तर वरच्या गटाची किमान उंची वापरा. ती जास्त असते, आणि ती वापरायची की नाही हे ढगांत शिरण्याआधी ठरवावं लागतं. उंचावरच्या विमानतळावर यात आणखी एक गोष्ट मिसळते. वेगदर्शकावर तोच आकडा दिसत असताना विरळ हवेत विमानाचा खरा वेग दर हजार फुटांमागे अंदाजे दोन टक्क्यांनी जास्त असतो. सात हजार फुटांवर वळणाची त्रिज्या पाचवा हिस्सा तरी वाढते, आणि काट्यावर त्याची काहीही खूण नसते.

दक्षिण कोरियातल्या बुसान शहराच्या गिम्हे विमानतळावर १५ एप्रिल २००२ रोजी जे घडलं, त्यात हे सगळं एकत्र आलं. बीजिंगहून आलेलं एअर चायनाचं बोइंग ७६७ दक्षिणेकडून, समुद्राच्या बाजूने, यंत्रांच्या मदतीने आलं. वारा दक्षिणेचा होता. त्यामुळे वळसा घालून उत्तरेकडून १८ उजवी या धावपट्टीवर उतरायचं होतं. उत्तरेला डोंगर. धावपट्टीला समांतर उत्तरेकडे जाताना, म्हणजे डाउनविंडवर, तोच वारा पाठीमागून ढकलत होता. अशा वेळी धावपट्टीचं टोक बाजूला आलं की घड्याळ लावतात आणि ठरलेले सेकंद मोजून धावपट्टीकडे नेणारं बेसचं वळण घेतात. हे वळण लांबलं. १४० नॉटचं विमान २५ नॉटच्या वाऱ्यासोबत सेकंदाला ८५ मीटर जातं, म्हणजे दहा सेकंदांचा उशीर साडेआठशे मीटरचा पडतो. हा माझा नमुन्याचा हिशेब आहे, त्या उड्डाणाचा नाही, पण प्रमाण कळायला पुरेसा आहे. विमान सर्कलिंगच्या क्षेत्राबाहेर गेलं, धावपट्टी दिसेनाशी झाली, तरी वर जाण्याचा निर्णय झाला नाही. धावपट्टीच्या टोकापासून ४.६ किलोमीटरवर डोत्दे डोंगराला ते धडकलं. १६६ पैकी १२९ जण गेले. मोठ्या देहाच्या विमानांसाठी तिथे हवामानाची वेगळी, कडक मर्यादा आहे, हेही चमूच्या ध्यानात नव्हतं, असं कोरियाच्या चौकशीत निष्पन्न झालं. धडक बसण्याच्या काही सेकंद आधी सहवैमानिकाने गो-अराउंड करायला, म्हणजे उतरणं सोडून वर जायला सुचवलं होतं. माझं लक्ष मात्र त्या ४.६ किलोमीटरवर खिळतं. गिम्हेचा नकाशा अमेरिकी निकषांवर आखलेला होता, आणि त्या निकषांत डी गटाची त्रिज्यासुद्धा २.३ सागरी मैल, म्हणजे सव्वाचार किलोमीटरच होती. आयकाओच्या मोठ्या वर्तुळात हाच डोंगर आत आला असता आणि किमान उंची त्याच्या वरून धरावी लागली असती. चुकीचा भार नकाशावर टाकावा म्हणून हे सांगत नाही. कोणत्या वर्तुळात आहोत हे माहीत असणं जिवाशी निगडित आहे, एवढंच त्यातून दिसतं.

सगळ्यांत जास्त ऐकू येणारा आक्षेप असा, की हा तर नेहमीचा सर्किट आहे, त्यात वेगळं काय? बारामतीला किंवा गोंदियाला शिकणारा प्रत्येक विद्यार्थी पहिल्या महिन्यापासून डाउनविंड, बेस, फायनल हेच तर करतो. आकार सारखा आहे हे मान्य. पण शिकाऊ सर्किट साधारण हजार फुटांवरून, स्वच्छ हवेत, हलक्या विमानाने होतो. सर्कलिंग चारशे, पाचशे, सहाशे फुटांवरून आणि धूसर हवेत करायचं असतं. उंची अर्धी झाली की धावपट्टी खिडकीत वेगळ्याच जागी दिसते. ओळखीचा कोन जुळवायला वैमानिक नकळत धावपट्टीच्या जवळ सरकतो, आणि मग बेसला वळायला जागा उरत नाही. त्यातून युरोपच्या नियमांतली किमान दृश्यता घ्या. सी गटाला सर्कलिंगसाठी सहाशे फूट उंची आणि २,४०० मीटर दृश्यता पुरेशी मानली आहे. आता वर काढलेली त्रिज्या आठवा. १४० नॉटला २० अंशांच्या वळणाचा व्यास २.९ किलोमीटर होतो. म्हणजे त्या वळणाने धावपट्टीशी जुळायचं, तर डाउनविंडवर तिच्यापासून २.९ किलोमीटर लांब राहायला हवं. तेवढ्या लांबून कायदेशीर किमान दृश्यतेत ती दिसणारच नाही. ती दिसत राहावी इतकं जवळ राहायचं, तर २५ अंश किंवा त्याहून जास्त कलून वळावं लागेल. कुणी म्हणेल, रात्री तेजस्वी दिवे दृश्यतेच्या आकड्याहून लांबून दिसतात. दिसतात, पण रात्री डोंगर दिसत नाहीत. नियमांनी दिलेली परवानगी आणि भूमितीने दिलेली परवानगी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. किमान मर्यादेपर्यंत जाणं कायदेशीर असलं, तरी सी गटाच्या विमानाने तिथवर जावं असं मला कधीच पटलेलं नाही. शिवाय डोळ्यांना दिसलं म्हणजे ओळखलं असंही होत नाही. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं होतं. ते काही सर्कलिंग नव्हतं, पण धावपट्टी दिसली की काम झालं, या विश्वासाला मुंबईतच एवढं ठळक उत्तर आहे.

दुसरा आक्षेप आधुनिक आहे: आजच्या विमानांत संगणक आहे, वळसा त्यालाच घालू द्या. इस्लामाबादला २८ जुलै २०१० रोजी एअरब्लूच्या एअरबस ए३२१ मध्ये जवळजवळ हेच करायचा प्रयत्न झाला. पावसाळी दिवस, खाली आलेले ढग, आयएलएस ३० क्रमांकाच्या धावपट्टीला आणि उतरायचं उलट्या बाजूने, १२ वर. कॅप्टनने स्वतःच्या मनाने आखलेले बिंदू उड्डाण-संगणकात भरून विमान त्यांच्या मागे सोडलं. सर्कलिंग नजरेने करायचं असतं, आणि त्या प्रक्रियेत अशा बिंदूंना मान्यता नव्हती. विमान किमान उंचीच्या खाली आलं आणि संरक्षित क्षेत्राच्या बाहेर, मारगल्ला टेकड्यांकडे गेलं. वळवण्यासाठी कॅप्टनने दिशेची खुंटी फिरवली, पण विमान संगणकाच्याच मार्गावर जोडलेलं असल्यामुळे त्या फिरवण्याचा काही काळ परिणाम झाला नाही. जमीन जवळ आल्याच्या सूचना वाजत होत्या, सहवैमानिक पुन्हा पुन्हा वळायला आणि वर घ्यायला सांगत होता. विमानातले सर्व १५२ जण मरण पावले. या कॅप्टनला २५,००० तासांहून अधिक उड्डाणाचा अनुभव होता. म्हणून ‘अनुभवी माणसाला यात काय अवघड’ हा युक्तिवाद मला टिकणारा वाटत नाही. नेहमीच्या मार्गांवर उडणाऱ्या वैमानिकाच्या हजारो तासांत सर्कलिंगचा वाटा अगदी थोडा असतो, आणि एकूण तास तो वाटा वाढवत नाहीत. सहवैमानिकाशी त्या उड्डाणात कॅप्टनचं वागणं अपमानकारक होतं, अशीही नोंद चौकशीत आहे. मी ती बाजूची गोष्ट मानत नाही. वळशात धावपट्टी ज्याच्या बाजूला आहे त्यालाच ती दिसते. दुसऱ्याने वेग, उंची आणि घड्याळ पाहून मोठ्याने बोलायचं असतं. ज्या कॉकपिटमध्ये कनिष्ठाचा आवाज दबलेला आहे, तिथे सर्कलिंगची अर्धी यंत्रणाच बंद पडलेली असते.

अपघातांचा आणखी एक प्रकार डोंगरांशी संबंधित नाही. इथे विमान संरक्षित क्षेत्राच्या आतच असतं, पण वळण उशिरा सुरू होतं आणि मग कसंही करून धावपट्टी गाठायची धडपड होते. १५ मे २०१७ रोजी न्यू जर्सीतल्या टेटरबरोला लिअरजेट ३५ ए आयएलएसने ६ क्रमांकाकडे येऊन १ क्रमांकावर वळसा घेणार होतं. जिथे वळायला सुरुवात करायची ती जागा मागे पडली, धावपट्टी एका मैलाहून कमी उरली, तेव्हा वळण सुरू झालं. विमान स्टॉल होऊन कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. २६ जुलै २०२१ ला कॅलिफोर्नियातल्या ट्रकी-टाहो विमानतळाजवळ चॅलेंजर ६०५ जातीचं विमान २० क्रमांकाकडे येऊन ११ वर वळत होतं. हवेत वणव्याचा धूर होता, विमानतळ ५,९०० फूट उंचीवर, आणि वेग हवा त्यापेक्षा बराच जास्त. धावपट्टीची रेषा ओलांडली गेली, ती परत पकडण्यासाठी डावीकडे तीव्र वळण घेतलं गेलं, विमान स्टॉल झालं, सहा जण गेले. दोन्ही ठिकाणी अमेरिकी तपाससंस्थेने मुळाशी एकच गोष्ट ठेवली: बिघडलेला अप्रोच सोडून न देता सावरत बसणं. आपल्याकडे १७ जुलै २००० ला पाटण्यात अलायन्स एअरचं बोइंग ७३७ पडलं, ते सर्कलिंग नव्हतं, पण नात्यातलं होतं. उंची जास्त राहिली म्हणून जमिनीजवळ पूर्ण वळसा घ्यायला सुरुवात झाली, वेग कमी पडला, विमान ताब्याबाहेर गेलं, आणि जमिनीवरच्या पाच जणांसह साठ जीव गेले. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनने सर्कलिंगसाठी एक कसोटी दिली आहे: विमानतळापासून ३०० फुटांवर येईपर्यंत फायनलवर पंख समतल झालेले हवेत, नाहीतर वर जा. ही कसोटी लागू करणं सोपं आहे, कारण ती एक आकडा आणि एक नजर एवढ्यावर तपासता येते.

मग वर जायचं, तर नेमकं कुठे? या प्रश्नाइतका दुर्लक्षित भाग या विषयात दुसरा नाही. नकाशावर छापलेला मिस्ड अप्रोचचा मार्ग यंत्रांनी ज्या धावपट्टीकडे आणलं तिच्याशी बांधलेला असतो. वळशाच्या मध्यावर, बेसच्या वळणात, भलत्याच दिशेला तोंड असताना धावपट्टी दिसेनाशी झाली, तर त्या जागेपासूनचा मार्ग कुणीही मोजून ठेवलेला नाही. नियम सांगतो की चढत चढत आधी उतरायच्या धावपट्टीकडे, म्हणजे विमानतळाच्या डोक्यावर वळा, आणि तिथून छापील मार्गाला मिळा. त्यामागचं तर्कशास्त्र उघड आहे: वर्तुळाच्या मध्याकडे वळलात, तर निदान कड्यापासून लांब जाता. पण हे वळण कधी शंभर, कधी दोनशे अंशांचं निघतं, ढगांत शिरता शिरता घ्यावं लागतं, आणि त्याच वेळी गिअर, फ्लॅप, शक्ती सगळं बदलायचं असतं. हे त्या क्षणी सुचणार नाही. वळशाच्या प्रत्येक टप्प्यावर ‘आत्ता सोडलं तर कुठल्या हाताला वळायचं’ याचं उत्तर आधी बोलून ठेवलेलं असेल, तरच ते होतं.

इतके धोके सांगितल्यावर साहजिक प्रश्न येतो, की मागचा वारा घेऊन सरळच का उतरू नये? दहा नॉटपर्यंतचा टेलविंड बहुतेक विमानांना चालतो. जिथे धावपट्टी लांब आणि कोरडी आहे तिथे हे उत्तर मलाही मान्य आहे. पण त्याची किंमत मोजून घ्यायला हवी. टेलविंडमुळे जमिनीवरचा वेग दहा टक्क्यांनी वाढला की थांबायला लागणारी धाव एकवीस टक्क्यांनी वाढते, शिवाय विमान तरंगत पुढे जातं. कोझिकोडला ७ ऑगस्ट २०२० ला एअर इंडिया एक्सप्रेसने आधी २८ क्रमांकाचा अप्रोच सोडला आणि नंतर उलट बाजूने, १० वर, सरळ उतरण्याचा प्रयत्न केला. पाठीमागून सुमारे १४ नॉटचा वारा, ओली धावपट्टी, ८,८५८ फुटांपैकी ४,४३८ फूट मागे टाकून चाकं टेकली, आणि पठाराच्या कडेवरून विमान खाली गेलं. २१ जण मरण पावले. म्हणजे सर्कलिंग टाळणं हा आपोआप सुरक्षित पर्याय ठरत नाही. वारा उलटा, टोक एकच, हवा वाईट असं असताना तिसरा पर्याय उरतो तो दुसऱ्या विमानतळाला जाण्याचा, आणि तो प्रवाशांना, कंपनीला, वैमानिकाला कुणालाच आवडत नाही. तरी त्याच्याइतकं इंधन टाकीत घालूनच निघायचं असतं, आणि ते त्यासाठीच असतं.

पुष्कळ विमान कंपन्यांनी यावर सरळ मार्ग काढला आहे. ढग हजार फुटांच्या वर आणि दृश्यता तीन मैलांहून जास्त असेल, तरच सर्कलिंग करू देतात. अमेरिकेत अनेक वैमानिकांच्या परवान्यावर हा प्रकार स्वच्छ हवेपुरताच अशी नोंद असते. तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने अनावश्यक सर्कलिंग प्रक्रिया छाटण्यासाठी निकषही ठरवले. उपग्रहांमुळे धावपट्टीच्या दोन्ही टोकांना उभ्या मार्गदर्शनासह सरळ अप्रोच देणं आता शक्य आहे, त्यासाठी प्रत्येक टोकाला आयएलएसचा खर्च लागत नाही. आपल्याकडे गगन या उपग्रह-प्रणालीच्या आधाराने असा अप्रोच एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगढला इंडिगोच्या एटीआर विमानाने करून दाखवला. मग कालबाह्य होत चाललेली गोष्ट शिकवायची कशाला, असा शेवटचा आक्षेप येतो. माझं उत्तर असं, की जी गोष्ट क्वचित करावी लागते तीच नीट शिकवावी लागते. उपग्रहांचा संकेत बिघडू शकतो, यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद असते, डोंगरातल्या कित्येक विमानतळांना दुसऱ्या टोकाकडून सरळ यायला वाटच नसते. आज सिम्युलेटरवर होणारा सराव बहुधा ओळखीच्या विमानतळावर, ठरलेल्या वाऱ्यात, तपासणीपुरता होतो. त्याऐवजी विमानतळ अनोळखी द्यावा, पाठचा वारा द्यावा, बेसच्या मध्यावर धावपट्टी गायब करावी, आणि वर जाण्याचं वळण तपासावं. ज्यांना असा सराव देता येत नाही, त्यांनी हजार फूट आणि तीन मैलांच्या खाली हा प्रकार करू नये, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

गिम्हेला दक्षिणेचा वारा वाहतो तेव्हा अजूनही उत्तरेकडून १८ उजवीवर सर्कलिंग करूनच उतरावं लागतं. त्या भागासाठी गादोक बेटावर नवा विमानतळ बांधायचं दक्षिण कोरियाने ठरवलं आहे, आणि त्या मागणीत उत्तरेकडच्या डोंगरांचा मुद्दा पहिल्यापासून आहे. तो बांधून होईपर्यंत बुसानला जाणाऱ्या प्रत्येक चमूला खाली उतरायला लागण्याआधी चार गोष्टी एकमेकांना सांगाव्या लागतील: आपला गट आणि त्याचा कमाल वेग, डाउनविंडवर वारा किती ढकलणार, घड्याळाचे किती सेकंद, आणि धावपट्टी हरवली तर कुठल्या हाताला वळायचं.